दारूवर उपचार घेतले, तर अमेरिकेतलं नर्सिंगचं लायसन्स मिळतं का?

फोन बहुतेक माझ्या संध्याकाळी येतो. तिकडे भारतात सकाळ झालेली असते, नाइट करून सिस्टर नुकतीच घरी पोचलेली असते. आधी एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेच्या, फीची चौकशी होते, मग कोणतं राज्य बरं ते, मग पुस्तकं कोणती. बोलणं संपत आलं की आवाज खाली येतो. "ताई, एक विचारायचं होतं. दारू सोडायला ॲडमिट झालं, तर तिकडे लायसन्स देत नाहीत ना?"

देतात. हे आधी सांगते, कारण या एका भीतीपायी माणसं दोन-दोन वर्षं उपचार पुढे ढकलतात आणि तेवढ्या काळात खरोखरच लायसन्स अडेल असं काहीतरी होऊन बसतं. लायसन्स देणारं राज्याचं नर्सिंग बोर्ड ज्या गोष्टींवर अडतं त्या वेगळ्या आहेत. ड्युटीवर पिऊन येणं, पोलीस केस, वॉर्डातली औषधं घरी नेणं, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं. उपचार घेतल्याचा कागद हा तुमच्या बाजूचा पुरावा असतो, विरुद्ध बाजूचा नाही.

मी आधी महाराष्ट्रात वॉर्डात काम केलं, नंतर इथे अमेरिकेत. दोन्हीकडे हुशार सिस्टर आणि ब्रदर दारूत बुडताना पाहिले, त्यातले बरेच वर येतानाही पाहिले. पुढचं सगळं मुख्यतः महाराष्ट्रातून अमेरिकेत येऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, पण नवऱ्याच्या व्हिसावर येऊन इथे नर्सिंग शिकणाऱ्यांना आणि इथलं लायसन्स आधीच हातात असलेल्यांनाही लागू पडेल.

आधी दारू, मग फॉर्म

क्रम उलटा करू नका. एनक्लेक्स होऊ दे, लायसन्स येऊ दे, मग बघू, असं म्हणणाऱ्यांचं फार वाईट होताना पाहिलंय.

आपल्या लोकांचा एक खास मोह असतो, तो स्पष्टच सांगते. आपल्याला सगळं येतं, म्हणून आपण घरच्या घरी सोडायला जातो. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान डेलिरियम ट्रेमेन्सची, म्हणजे भ्रम होऊन जिवावर बेतू शकणाऱ्या अवस्थेची, वेळ असते. हे आपण दुसऱ्यांच्या चार्टवर शंभर वेळा लिहिलेलं असतं. तरी एक सिस्टर वॉर्डाच्या कपाटातल्या, दारू उतरवताना देतात त्या लिब्रियमच्या गोळ्या पर्समधून घरी नेताना मी पाहिली आहे, आपलं आपण उतरवू म्हणून. तिला दारूने जेवढं अडचणीत आणलं नसतं तेवढं त्या पट्टीने आणलं. वॉर्डातलं औषध उचलणं ही अमेरिकेतल्या कोणत्याही बोर्डाच्या नजरेत चोरी असते आणि तिचं वजन दारूपेक्षा कितीतरी जास्त पडतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन लावून, गोळ्या कुणीतरी दुसऱ्याने मोजून दिलेल्या अशाच दारू उतरवा.

कुठे जायचं? पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं, आणि तिथे बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. मुंबईत कृपा फाउंडेशन आहे, बंगळुरूला निम्हान्समध्ये व्यसनावरच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही हे उपचार होतात. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी मोफत नंबर आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी मीटिंगा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात.

आपल्याच हॉस्पिटलात ॲडमिट व्हायला कुणालाच नको वाटतं आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या शहरात जा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती स्पष्टपणे धरल्या आहेत. म्हणजे तुम्ही स्वतःहून, स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होऊ शकता, तुमची माहिती गुप्त ठेवायचं बंधन त्या संस्थेवर असतं आणि स्वतःचे उपचाराचे कागद मागायचा हक्क तुम्हाला असतो. हा शेवटचा हक्क पुढे फार उपयोगी पडणार आहे. दाखल होण्याआधी संस्थेत तीन गोष्टी विचारा : इथे मानसोपचारतज्ज्ञ येतात का, रात्री नर्स असते का, आणि जाताना सहीशिक्क्याची डिस्चार्ज समरी मिळते का. तिन्हीला नीट हो मिळालं नाही, तर दुसरं केंद्र बघा. खोलीला बाहेरून कुलूप लावून माणसं सांभाळणारी केंद्रंही असतात, तिथून बोर्डाला दाखवण्यासारखा एकही कागद मिळत नाही, आणि माणूस बरा होत नाही ते वेगळंच.

कागद त्याच आठवड्यात गोळा करा

सहा वर्षांनी कुणी विचारलं की तेव्हाचे डॉक्टर निघून गेलेले असतात, फाइल तळघरात असते आणि शिक्का दुसऱ्याच नावाचा झालेला असतो. म्हणून एक साधी प्लॅस्टिकची फाइल करा. डिस्चार्ज समरी, त्यावर निदान आणि तारखा. पुढच्या प्रत्येक भेटीची नोंद. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांपैकी दारू सुटण्यासाठीचं एखादं औषध चालू असेल तर त्याचं प्रिस्क्रिप्शन. लिव्हरचे रिपोर्ट, आधीचे आणि नंतरचे. डिटॉक्सच्या काळात लोराझेपाम वा क्लोरडायझेपॉक्साइड दिलं असेल तर तोही कागद जपा, कारण ही औषधं लघवीच्या तपासणीत दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं असतं ते डॉक्टरांचं पत्र. आपल्याकडे डॉक्टर दोन ओळी खरडून देतात : "सदर रुग्ण पूर्ण बरा आहे." त्याला इथे काहीही किंमत नाही. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर हवं, आणि त्यात पाच गोष्टी हव्यात. निदान काय होतं, उपचार कधीपासून कधीपर्यंत झाले, शेवटचं पिणं कोणत्या तारखेचं, आता रेमिशनमध्ये, म्हणजे आजार आटोक्यात, आहे का आणि ते कशावरून ठरवलं, आणि नर्स म्हणून सुरक्षितपणे काम करू शकते का. या शेवटच्या वाक्यासाठीच सगळं पत्र असतं. डॉक्टर घाईत असतील तर मुद्दे एका कागदावर लिहून घेऊन जा आणि नम्रपणे समोर ठेवा. त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं.

सोबत इनचार्ज सिस्टर किंवा मेट्रनचं कामाबद्दलचं पत्र असू द्या. हजेरी, वागणूक, औषधांच्या हिशेबाबद्दल विश्वास. त्यात आजाराचा उल्लेख असायलाच हवा असं नाही.

ही फाइल तुमच्या घरी राहू द्या. मागितल्याशिवाय कुणालाही पाठवायची नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल परदेशात व्हेरिफिकेशन पाठवतं ते तुमच्या रजिस्ट्रेशनचं आणि कारवाई झाली असेल तर तिचं. व्यसनमुक्ती केंद्रातली फाइल त्या पाकिटात जात नाही.

पोलिसांचा एखादा कागद आहे का?

हा भाग लोक विसरतात, कारण आपल्याकडे दंड भरला की प्रकरण संपलं असं वाटतं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे अमेरिकेत सुटलं असतं असंही प्रमाण भारतात गुन्ह्यात मोडतं. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत गोंधळ घातला म्हणून त्याच्या कलम ८५ खाली कधी नाव लागलं असेल, तर त्याचीही चौकशी करा.

कोर्टातून आदेशाची प्रमाणित प्रत काढा, दंडाची पावती ठेवा, मराठी कागदाचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट कोरं आलं म्हणून प्रश्नाचं उत्तर "नाही" होत नाही. प्रश्न "तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का" असा असेल, तर दंड ही शिक्षाच आहे.

प्रश्न जसा आहे तसा वाचायचा

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत नर्सिंगचं एकच लायसन्स नसतं. एनक्लेक्स देशभर एकच, पण लायसन्स देतं राज्याचं बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डाचा फॉर्म वेगळा. दारूबद्दलचा प्रश्नही वेगळा. त्यामुळे मैत्रिणीने टेक्सासमध्ये काय लिहिलं ते तुम्हाला न्यूयॉर्कमध्ये उपयोगाचं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "सगळीकडे नो टाक" या सल्ल्याने किती जणींचं नुकसान केलं असेल!

ढोबळमानाने प्रश्नांचे चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार आजच्या स्थितीबद्दल असतो : सध्या तुम्हाला असा काही आजार आहे का, ज्यामुळे सुरक्षित काम करण्यात अडथळा येतो, आणि ज्यावर उपचार चालू नाहीत? यात "सध्या" हा शब्द कसा धरायचा ते बऱ्याचदा फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. काही ठिकाणी त्याचा अर्थ आजचा दिवस नसून गेली एक-दोन वर्षं असा केलेला असतो. ती बारीक अक्षरं मोठी करून वाचा. दुसरा प्रकार काळ ठरवून विचारतो : गेल्या इतक्या वर्षांत दारू किंवा औषधांच्या व्यसनासाठी उपचार घेतले आहेत का? तिसरा प्रकार देखरेखीबद्दल : तुम्ही सध्या एखाद्या मॉनिटरिंग प्रोग्रॅममध्ये आहात का? आणि चौथा गुन्हे, अटक, शिक्षा यांबद्दल.

एक सिस्टर होती, साडेतीन वर्षं एक थेंब न घेतलेली. नियमित फॉलोअप, नोकरी चालू, सगळं उत्तम. फॉर्म भरताना आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर. प्रश्न पहिल्या प्रकारचा होता, आजच्या स्थितीबद्दलचा आणि उपचार न घेतलेल्या आजाराबद्दलचा. तिने भीतीने "हो" वर बोट नेलं. मी म्हटलं, थांब, मोठ्याने वाच. तिने वाचलं. मग मराठीत सांग काय विचारलंय. तिने सांगितलं आणि स्वतःच म्हणाली, "पण ताई, मला तर अडथळा येत नाही, आणि उपचार तर मी घेतलेत." त्या प्रश्नाला तिचं खरं उत्तर "नाही" हेच होतं. तिच्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली आणि मगच टिक केली. दुसऱ्या राज्याच्या फॉर्मवर, जिथे पाच वर्षांतले उपचार विचारले होते, तिथे तिचं खरं उत्तर "हो" झालं असतं. माणूस तोच, आजार तोच, उत्तर प्रश्नावरून ठरतं.

म्हणून जेवढं विचारलं तेवढंच आणि तेवढं सगळं सांगा. विचारलं नाही ते स्वतःहून ओतू नका, विचारलं ते गिळू नका. खोटं उत्तर देऊन लायसन्स मिळवणं हा स्वतंत्र अपराध धरला जातो, आणि तो नंतर सापडला तर मूळ आजारासाठी जी कारवाई कधी झाली नसती ती त्या खोट्यासाठी होते. शिवाय कारवाई झाली की ती नर्सिस या सार्वजनिक डेटाबेसवर दिसते, दुसऱ्या राज्यालाही दिसते.

राज्य अजून ठरलं नसेल, तर दोन-तीन राज्यांचे फॉर्म आधी वाचा, पैसे भरण्यापूर्वी. टेक्सासमध्ये एक चांगली सोय आहे. जुन्या इतिहासामुळे आपल्याला लायसन्स मिळेल की नाही अशी शंका असेल, तर शिकायला सुरुवात करण्याआधी किंवा शिकत असतानाच बोर्डाकडे डिक्लेरेटरी ऑर्डरसाठी अर्ज करून उत्तर मिळवता येतं. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन कॉलेजची फी भरायच्या बेतात असलेल्या बायकांनी हे जरूर बघावं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२० पासून बोर्ड अर्जदाराला त्याचा गुन्हेगारी इतिहास लिहून द्यायला भाग पाडू शकत नाही, पण बोटांच्या ठशांवरून ते स्वतः माहिती काढतं. म्हणजे विचारलं नाही याचा अर्थ कळणार नाही असा नव्हे.

आरोग्याबद्दल खोदून विचारणारे प्रश्न हळूहळू कमी होत आहेत, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांचा एप्रिल २०२० मध्ये मृत्यू झाला. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला आणि त्या नावाने चाललेल्या प्रयत्नांतून अनेक बोर्डांनी आपले प्रश्न बदलले. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा फॉर्म पाहून घाबरू नका, आजचा उघडा.

"हो" लिहावं लागलं, तर निवेदन कसं लिहायचं

"हो" म्हटलं की बोर्ड निवेदन मागतं. इथे आपली माणसं दोन टोकं गाठतात. एक तर चार ओळी, किंवा मग सासू, नवरा, घरची भांडणं, बदली, सगळी कर्मकहाणी. मी पाहिलेलं एक पहिलं मसुद्याचं वाक्य असं होतं : "घरच्या ताणामुळे आणि मैत्रिणींच्या संगतीमुळे मी नकळत या गोष्टीकडे ओढले गेले." यात बोर्डाला हवं असलेलं काहीच नाही. आम्ही ते बदलून असं केलं : "२०१८ ते २०२० या काळात मी रोज संध्याकाळी दारू पीत असे. ड्युटीवर असताना मी कधी प्यायले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मी स्वतःहून दाखल झाले." मग उपचार, मग औषधं, मग आजचा आधार : कोणाकडे दर महिन्याला जाते, मीटिंगला किती वेळा जाते, पुन्हा प्यावंसं वाटलं तर पहिला फोन कुणाला करते. एक पान पुरे. तारखा डॉक्टरांच्या पत्राशी जुळल्याच पाहिजेत. एका महिन्याचा फरक निघाला तरी संशय येतो.

मधे एकदा घसरला असाल, तर तेही लिहा, प्रश्नाच्या कक्षेत येत असेल तर. घसरून पुन्हा उपचाराला गेलेला माणूस त्यांना नवा नसतो.

पोलीस केस असेल, एकापेक्षा जास्त वेळा दाखल झाला असाल किंवा आधी कौन्सिलची कारवाई झाली असेल, तर निवेदन पाठवण्याआधी नर्सिंग लायसन्सचीच कामं करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. अशा वकिलांची द अमेरिकन असोसिएशन ऑफ नर्स ॲटर्नीज नावाची संघटना आहे. पैसे जातात, पण या ठिकाणी ते वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

बोर्ड काय म्हणू शकतं

बऱ्याचदा काहीच म्हणत नाही, कागद पाहून लायसन्स देतं. कधी तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी करायला सांगतं. आणि उपचार ताजे असतील, तर लायसन्स देऊन देखरेखीखाली ठेवतं. फ्लोरिडाने १९८३ मध्ये नर्सेससाठी इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट सुरू केला, आणि तेव्हापासून बहुतेक राज्यांत शिक्षेऐवजी उपचार व देखरेख हा रस्ता तयार झाला. टेक्सासचा टीपॅप्न, कॅलिफोर्नियाचा इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम ही त्याचीच रूपं.

ही देखरेख साधारण तीन ते पाच वर्षं चालते, खर्च आपल्यालाच करावा लागतो आणि शिस्त कडक असते. रोज सकाळी ॲपवर किंवा फोनवर हजेरी लावायची, आज तुमचा नंबर आहे म्हटलं की त्याच दिवशी लॅबमध्ये जायचं. हजेरी चुकली तर तीही नोंदली जाते. सुरुवातीला नार्कोटिक्सच्या कपाटाला हात लावता येत नाही, नाइट, ओव्हरटाइम आणि एजन्सीची कामं बहुधा बंद असतात. नोकरी शोधताना याची कल्पना मॅनेजरला द्यावी लागते. लग्नासाठी भारतात जायचं असेल, तर परवानगी बरेच आठवडे आधी मागावी लागते.

तपासणी नेहमीच्या ब्रेथ ॲनालायझरसारखी नसते. ईटीजी नावाची लघवीची तपासणी शेवटच्या घोटानंतर तीनेक दिवसांपर्यंतचं पकडते, आणि पेथ ही रक्ताची तपासणी दोन ते चार आठवडे मागे जाते. आणि इथे आपल्या घरातल्या काही गोष्टी आड येतात, ज्या इंग्रजी पुस्तिकेत कुणी लिहिलेल्या नसतात.

आईने बॅगेत दिलेली अशोकारिष्टाची बाटली. द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट, ही सगळी आसवं आणि अरिष्टं आंबवून बनतात आणि त्यांच्यात अल्कोहोल तयार झालेलं असतं. बाळंतिणीला देतात म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण डायसल्फिरामवर असलेल्या माणसाने घेतलं तर तोंड लाल होऊन, छाती धडधडून इमर्जन्सीत जायची वेळ येऊ शकते, आणि देखरेखीखाली असाल तर तपासणी बिघडते. होमिओपॅथीचे थेंब अल्कोहोलमध्येच असतात. खोकल्याची काही सिरपं, माउथवॉश, व्हॅनिला इसेन्स, सगळ्यांची लेबलं वाचा. सॅनिटायझर तर दिवसातून पन्नास वेळा हाताला लागतं. जिथे शक्य आहे तिथे साबण-पाणी वापरा, आणि लावलंच तर हात पूर्ण वाळू द्या, वाफ हुंगली जाऊ देऊ नका.

आणि अनारसे. दिवाळीत घरून आलेला डबा उघडला की वर खसखस लावलेली असते. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, आणि या कार्यक्रमांत दारूबरोबर बाकीच्या ड्रग्जचीही तपासणी होते. माझ्या ओळखीच्या एका ब्रदरने डबा तसाच शेजाऱ्यांना दिला, आणि त्या रात्री आईला फोनवर कारण सांगताना त्याने पहिल्यांदा तिला आपल्या उपचाराबद्दल सांगितलं. पुढच्या वर्षी तिने त्याच्यासाठी साखरेवर थापलेले वेगळे केले.

आणखी एक, नुसता नोंदवून ठेवण्यासारखा नियम. चाळीसेक राज्यांत चालणारं बहुराज्यीय लायसन्स, ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, ते अशा देखरेखीच्या कार्यक्रमात असताना मिळत नाही. तेवढ्या काळापुरतं एका राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं. ट्रॅव्हल नर्स व्हायचं स्वप्न असेल, तर हिशेब तसा धरा.

व्हिसाची खिडकी वेगळी

लायसन्स मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. ही दोन वेगळी दारं आहेत आणि दुसऱ्या दाराशी जास्त लोक गाफील असतात. ग्रीन कार्डच्या अर्जानंतर मुंबईत ठरलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल होतं, तिथे दारूचा इतिहास विचारतात. दारूचं व्यसन हे त्यांच्या नियमांत नुसतं निदान म्हणून अडत नाही. त्यासोबत धोकादायक वागणूक, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, मारामारी, असं काही असेल आणि ते पुन्हा होण्याची शक्यता असेल, तर अडतं. बारा महिने सलग रेमिशन हा तिथला महत्त्वाचा टप्पा आहे. गेल्या पाच वर्षांत दारूसंबंधी एक अटक किंवा दहा वर्षांत दोन असतील, तर कॉन्सुलेट तपासणीसाठी त्या डॉक्टरांकडे पाठवतंच.

म्हणून शक्य असेल तर दारू सोडून वर्ष पूर्ण झाल्यावर मुलाखतीची वेळ येईल असं बघा. तीच फाइल, तीच तारीख, तेच डॉक्टरांचं पत्र इथेही लागतं. आणि जे आधीच इथे व्हिसावर आहेत त्यांनी लक्षात ठेवा, दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, शिक्षा व्हायच्या आधीच, तरी पासपोर्टमधला व्हिसा रद्द होऊ शकतो. जेवायला गेलात तर टॅक्सीने या.

लायसन्स आधीच आहे आणि आत्ता पिणं हाताबाहेर गेलंय

तर आज रजा मागा. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिकल लीव्हच्या कायद्याने, पन्नास किंवा जास्त नोकर असलेल्या ठिकाणी वर्षभर आणि १२५० तास काम केलं असेल, तर उपचारासाठी बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते. पण ती उपचारासाठी. पिऊन घरी पडल्यामुळे झालेल्या गैरहजेरीला ती लागू होत नाही, म्हणून अर्ज आधी. दारूचं व्यसन १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या संरक्षणात येऊ शकतं. मात्र ड्युटीवर पिण्याला तो कायदा झाकत नाही. व्यसनाच्या उपचाराची नोंद अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खास गुप्तता नियमांखाली असते, ती तुमच्या लेखी संमतीशिवाय सहसा मॅनेजरकडे जात नाही. काही राज्यांत स्वतःहून कार्यक्रमात गेलात तर बोर्डाला तुमचं नावही कळत नाही. तुमच्या राज्याचा नियम कोणता ते कार्यक्रमाच्या फोनवर, नाव न सांगता, आधी विचारून घ्या. तक्रार होऊन नाव जाण्यात आणि आपल्या पायांनी जाण्यात पुढच्या पाच वर्षांचा फरक असतो.

व्यसनावरची औषधं चालू असल्यामुळे कुणी कार्यक्रमात घेत नसेल तर गप्प बसू नका. ओपिऑइडच्या व्यसनावर औषध घेणाऱ्या नर्सला इंडियाना राज्याच्या बोर्डाने मदत कार्यक्रमातून बाहेर ठेवलं होतं, तेव्हा मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ते कायद्याचं उल्लंघन ठरवलं.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी एवढंच : तिथलं नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आरोग्य आणि चारित्र्य यांबद्दल घोषणा मागतं. चांगलं आरोग्य म्हणजे कोणताच आजार नसणं असा त्यांचा अर्थ नाही, सुरक्षितपणे काम करता येणं असा आहे. फाइल हीच चालते.

लायसन्स हातात आलं की फाइल फेकू नका. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण येतं आणि फॉर्म पुन्हा विचारतो, कधी तोच प्रश्न, कधी बदललेला. मागच्या वेळी काय लिहिलं होतं त्याची प्रत त्याच फाइलमध्ये लावून ठेवा, आणि नवा प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने, मराठीत स्वतःला समजावून, मगच टिक करा.